नव्या संगणकातले जुने विंडोज

लग्नपत्रिका, हरिनाम सप्ताहाची कार्यक्रमपत्रिका, पतसंस्थेचा वार्षिक अहवाल, दशक्रियेचे कार्ड, सोसायटीच्या निवडणुकीतले हस्तपत्रक. महाराष्ट्रातल्या लहान गावांत गेली पंचवीस वर्षे हा सगळा मजकूर ज्या डीटीपीच्या दुकानांत जुळवला गेला, ती दुकाने आज एका अडचणीत आहेत. संगणक बदलता येतो, त्यावरचे काम बदलत नाही. पेजमेकरची ७.० ही आवृत्ती २००१ साली आली आणि तीच शेवटची ठरली. ॲडोबीने पुढे सगळे बळ इनडिझाइनमागे लावले. पेजमेकरला युनिकोड कळत नाही. त्याची उणीव मराठी डीटीपीवाल्याला त्या काळी भासलीही नाही, कारण पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आणि पुण्याच्याच सी-डॅकचे आयएसएम हाताशी होते. त्यांच्या फाँटांत ‘क’ हे अक्षर ‘क’ म्हणून साठवलेले नसते. रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे, म्हणजे काना, मात्रा, अर्धी अक्षरे, रफार, चितारून ठेवलेले असतात. फाइल त्या फाँटाबाहेर काढली, की पानभर अर्थहीन रोमन अक्षरे दिसतात. त्यात डोंगल आला. तो पोर्टला लावल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नाही, आणि जुन्या डोंगलचा ड्रायव्हर नव्या विंडोजसाठी बहुधा मिळत नाही. चौसष्ट बिटी विंडोजवर सोळा बिटी प्रोग्रॅम चालत नाहीत आणि विंडोज ११ तर बत्तीस बिटी रूपात निघालेलेच नाही. मग दुकानदारापुढे दोन मार्ग उरतात. एक, जुना संगणक कसाबसा जिवंत ठेवायचा. दुसरा, नव्या संगणकात व्हर्च्युअल मशीन उभे करून त्यात एक्सपी टाकायचे. ही पुस्तिका दुसरा मार्ग धरलेल्यांसाठी आहे.

हा मार्ग आडवळणाचा नाही. २००९ मध्ये विंडोज ७ आले तेव्हा खुद्द मायक्रोसॉफ्टने त्याच्या प्रोफेशनल आणि वरच्या आवृत्त्यांसाठी ‘एक्सपी मोड’ दिला होता. तो म्हणजे व्हर्च्युअल मशीनमध्ये चालणारे पूर्ण विंडोज एक्सपीच. ८ एप्रिल २०१४ रोजी एक्सपीचा आधार संपला आणि त्याच दिवशी त्या मोडचाही. आधार संपणे याचा अर्थ प्रोग्रॅम बंद पडणे असा नसतो, म्हणून तर ही तारीख बहुतेकांच्या ध्यानातही आली नाही. एक्सपी कालच्यासारखेच आजही सुरू होते. बंद होते ती डागडुजी. त्यात यापुढे सापडणारे प्रत्येक भगदाड कायमचे उघडे राहते. तरीही व्हर्च्युअल मशीनबद्दल संगणक दुरुस्त करणाऱ्यांकडून एक वाक्य हमखास ऐकायला मिळते: ‘आत काहीही होऊ द्या, बाहेर काही येत नाही.’ या वाक्यात तथ्य आहे, म्हणूनच ते धोक्याचे आहे. व्हर्च्युअल मशीन आतल्या विंडोजला, ज्याला गेस्ट म्हणतात, खरोखरच वेगळे ठेवते. त्याची हार्ड डिस्क ही बाहेरच्या संगणकावरची, म्हणजे होस्टवरची, एक मोठी फाइल असते. त्याला होस्टची मेमरी दिसत नाही की फाइली दिसत नाहीत. हे वेगळेपण भक्कम आहे. पण ते कोणालाच नको असते. पूर्ण वेगळ्या ठेवलेल्या एक्सपीत पत्रिका जुळवली तर ती छापायची कशी, गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर पाठवायची कशी? म्हणून आपण एकेक वाट उघडतो. या पुस्तिकेचे सारे प्रतिपादन त्या वाटांबद्दल आहे. जुने विंडोज मधली भिंत फोडून बाहेर येते असे क्वचित घडते. त्याच्या सोयीसाठी आपणच नव्या संगणकाला त्याच्या वयाचा करून ठेवतो, हे मात्र जवळजवळ प्रत्येक ठिकाणी घडते.

सोलापूर जिल्ह्यातल्या मोडनिंबसारख्या गावातल्या वाचकाला हे समजायला रेल्वेचा इतिहास पुरे. आज कुर्डुवाडीहून मोडनिंबमार्गे पंढरपूरला ब्रॉडगेज जाते, पण ही मुळातली बार्शी लाइट रेल्वे, अडीच फुटी नॅरोगेज. बार्शीची वाट १८९७ साली सुरू झाली, पंढरपूरची १९०६ साली. मोठ्या रुळांवरची गाडी लहान रुळांवर जाऊ शकत नव्हती आणि लहान रुळांवरची मोठ्यावर. दोन्ही गाड्या आपापल्या जागी सुरक्षित होत्या. पण माल पलीकडे जायचाच असल्याने कुर्डुवाडीला तो एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावा लागे. अशा जागी राखण रुळांची करून भागत नाही, चढउताराच्या फलाटाची करावी लागते. व्हर्च्युअल मशीनचा फलाट म्हणजे शेअर्ड फोल्डर, सामाईक क्लिपबोर्ड, नेटवर्क आणि यूएसबी. मालवेअरची चर्चा मात्र बहुतेक वेळा रुळांवरच अडकते.

शेअर्ड फोल्डरपासून सुरुवात करू, कारण त्याचा पुरावा सर्वांत थेट आहे. मे २०२० मध्ये सोफोस या सुरक्षा कंपनीने रॅग्नार लॉकर नावाच्या खंडणीखोर मालवेअरची एक करामत उघड केली. हल्लेखोरांनी शिकार झालेल्या कंपनीच्या संगणकावर व्हर्च्युअल मशीन चालवणारे व्हर्च्युअलबॉक्स हे सॉफ्टवेअर, तेही २००९ सालचे जुने, टाकले, त्यात काटछाट केलेले विंडोज एक्सपी चालवले आणि खंडणीचा प्रोग्रॅम त्या एक्सपीच्या आत ठेवला. प्रोग्रॅम अवघा ४९ केबीचा. त्याला लपवायला आणलेली आभासी डिस्क २८२ एमबीची. मग होस्टचे सगळे ड्राइव्ह शेअर्ड फोल्डर म्हणून त्या एक्सपीला दाखवले. आतल्या मालवेअरने बाहेरच्या फाइली एकामागून एक कुलूपबंद केल्या. होस्टवरच्या अँटिव्हायरसला काय दिसले? व्हर्च्युअलबॉक्स हा सभ्य, ओळखीचा प्रोग्रॅम फाइली बदलतो आहे, एवढेच. इथे प्रामाणिकपणे सांगायला हवे, की त्या चोरांनी नेटवर्कवर आधीच ताबा मिळवलेला होता. एक्सपीमुळे ते आत शिरले नव्हते, एक्सपीचा त्यांनी आडोसा केला. पण त्यांनी जी मांडणी मुद्दाम केली, तीच आपल्याकडे कोणी न सांगता झालेली असते. ‘डी ड्राइव्ह एक्सपीत दिसायला पाहिजे’ अशी गिऱ्हाइकाची मागणी असते, आणि जोडून देणारा दोन क्लिकमध्ये सबंध डी ड्राइव्ह लिहिण्याच्या परवानगीसह जोडून देतो. चोरांना व्हर्च्युअल मशीन फोडावे लागले नाही, कारण व्हर्च्युअल मशीन आपले काम चोख करत होते. फोल्डर दिले होते, त्याने फोल्डर दाखवले.

दुसरी वाट अधिक कपटी आहे, कारण तीत गेस्टऐवजी होस्टची तब्येत बिघडते. व्हर्च्युअलबॉक्सचे शेअर्ड फोल्डर वापरायचे तर आत ‘गेस्ट ॲडिशन्स’ टाकावे लागतात. ते जमले नाही, किंवा दुकानात दुसरा जुना संगणकही असला, की लोक साधे विंडोजचे नेटवर्क शेअरिंग वापरतात. एक्सपीला त्यासाठी एकच बोली येते, एसएमबीची पहिली आवृत्ती. ही बोली इतकी जुनी आणि पोकळ, की मायक्रोसॉफ्टनेच २०१६ पासून ती बंद करा म्हणून विनवण्या केल्या, आणि ऑक्टोबर २०१७ च्या आवृत्तीपासून नव्याने टाकलेल्या विंडोज १० मध्ये या बोलीत फोल्डर वाटून देणारा भाग मुळातच ठेवला नाही. त्यामुळे एक्सपीला नव्या संगणकाचे फोल्डर दिसत नाही. आता उपाय शोधला, की पहिला सल्ला मिळतो: ‘कंट्रोल पॅनेलमध्ये जा, एसएमबी एकवर टिक करा, रीस्टार्ट करा.’ टिक होते, फोल्डर दिसते, काम सुरू होते. ती टिक पुन्हा कधी काढली जात नाही. आता एक्सपी बंद असले तरी नवे विंडोज दिवसरात्र जुन्या बोलीत उत्तर द्यायला तयार असते, आणि ते उत्तर एक्सपीसाठी राखीव नसते. त्या नेटवर्कवरचा कोणीही ते मागू शकतो. व्हर्च्युअल मशीनच्या आत एकही व्हायरस नसताना होस्ट कमजोर झालेला असतो. पासवर्डशिवाय शेअरिंग, बंद केलेले फायरवॉल, ‘एव्हरीवन’ला दिलेली पूर्ण परवानगी, हे त्याच माळेतले मणी. प्रत्येक वेळी तक्रार जुन्याची असते आणि बदल नव्यात होतो.

नेटवर्कबद्दल सर्वांत पसरलेला गैरसमज ‘नॅट’ या पर्यायाभोवती आहे. व्हर्च्युअल मशीन नव्याने बनवले की बहुधा हाच पर्याय आपोआप निवडलेला असतो. बाहेरून कोणी थेट गेस्टपर्यंत पोहोचू शकत नाही, हे खरे. २००३ च्या ब्लास्टरसारखा वर्म नेटला नुसते जोडलेल्या, पॅच न टाकलेल्या संगणकात आपण होऊन घुसत असे, त्याला नॅट रोखते. पण नॅट एकाच दिशेने अडवते. गेस्टमधून बाहेर जाणारे सगळे जाऊ दिले जाते, आणि ‘बाहेर’ म्हणजे केवळ इंटरनेट नव्हे. होस्ट, त्याच राउटरवरचा शेजारचा संगणक, नेटवर्क प्रिंटर, घरच्यांचे मोबाइल, हे सगळे आतून गाठता येते. आत शिरलेल्या वर्मला इतरांवर चाल करायला नॅटची काहीच हरकत नसते.

इथे एक आक्षेप घेतला जातो, आणि तो अभ्यासातून आलेला असतो. ‘एक्सपीसाठी आता कोण मालवेअर लिहितो? वॉनाक्राय एवढा गाजला, पण त्यात एक्सपी बुडाले नाही.’ खरे आहे. १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या वॉनाक्रायचे जवळजवळ सगळे बळी विंडोज ७ चे होते. कॅस्परस्कीच्या नोंदीत त्यांचे प्रमाण ९८ टक्क्यांच्या आसपास होते. एक्सपीवर तो वर्म नीट पसरतही नव्हता, संगणकच निळ्या पडद्यावर कोसळे. एक्सपीला नंबर एकचा गुन्हेगार ठरवणाऱ्या बातम्या त्या आठवड्यात भरपूर आल्या, त्या घाईच्या होत्या. पण या वस्तुस्थितीतून ‘एक्सपी सुरक्षित’ असा निष्कर्ष काढणे ही दुसरी घाई. ज्या भगदाडातून वॉनाक्राय आला ते एक्सपीतही होतेच, म्हणून तर मायक्रोसॉफ्टने आधार संपून तीन वर्षे झाल्यावर, हल्ल्याच्या पाठोपाठ, एक्सपीसाठी पॅच काढला. मे २०१९ मध्ये ब्लूकीप हे रिमोट डेस्कटॉपमधले छिद्र सापडले तेव्हाही तसेच झाले. नवे आणि जुने विंडोज एकाच कुळातले. बराच कोड वारशाने आलेला. नव्यासाठी दुरुस्ती निघाली, की ती उलगडून पाहणाऱ्याला जुन्यातले भगदाड कोठे आहे याचा पत्ताच मिळतो, आणि जुन्यात ते कधी बुजत नाही. या दोन पॅचांचा आणखी एक धडा आहे. २०१४ नंतर एक्सपी टाकून ‘सगळे अपडेट झाले’ असे सांगणाऱ्यांनी हे दोन पॅच स्वतः टाकले होते का, हे विचारावे. उत्तर बहुधा नाही असे येईल.

एक जुना संगणक बाकीच्या चांगल्यांना कसा ओढतो, याचे उदाहरण महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर घडले. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या हे मालवेअर युक्रेनमधून सुटले आणि मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या यंत्रणेत पसरले. जवाहरलाल नेहरू बंदरातले, म्हणजे न्हावाशेव्याचे, त्याच समूहाचे गेटवे टर्मिनल ठप्प झाले आणि कंटेनरांची हाताळणी अडली. नॉटपेट्या दोन पायांवर चालत होता. एक पाय वॉनाक्राय ज्यातून आला त्याच एसएमबीच्या भगदाडातून. दुसरा अधिक घातक: ज्या संगणकात शिरला त्याच्या मेमरीतून पासवर्ड उचलायचा आणि तोच पासवर्ड वापरून पूर्ण पॅच केलेल्या शेजाऱ्यात राजरोस प्रवेश करायचा. म्हणजे दहा संगणक अद्ययावत आणि एक नाही, तर सुरक्षा दहा-अकरांश होत नाही. दुकानाच्या पातळीवर याचे रूप अगदी साधे आहे: होस्टला आणि आतल्या एक्सपीला एकच पासवर्ड. सोय म्हणून ठेवलेला.

आता सर्वांत बळकट आक्षेप. ‘आमच्या एक्सपीला नेटच नाही.’ नेट न जोडणे हा या पुस्तिकेतलाही पहिला सल्ला आहे आणि जो तो पाळतो त्याने अर्ध्याहून अधिक काम केले. पण पत्रिकेचा मजकूर, वधूवरांचे फोटो, मागच्या वर्षीच्या अहवालाची फाइल, हे सगळे पेन ड्राइव्हवरून येते, आणि पेन ड्राइव्ह हा नेटपूर्वीचा रस्ता आहे. २००८ च्या अखेरीस आलेला कॉन्फिकर नेटवर्कवरून पसरे तसा ऑटोरनवरूनही, म्हणजे पेन ड्राइव्ह लावताच त्यातला प्रोग्रॅम आपोआप चालण्याच्या सोयीवरूनही, पसरे. ‘न्यू फोल्डर डॉट ईएक्सई’ची पिवळी फोल्डरची खूण तर त्या काळातल्या प्रत्येक सायबर कॅफेवाल्याच्या परिचयाची. एक्सपीतले पेन ड्राइव्हचे ऑटोरन बंद करणारा बदल मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०११ मध्ये दिला. जुन्या सीडीवरून नव्याने टाकलेल्या एक्सपीत तो आपोआप असत नाही. ऑटोरन बंद केले तरी निश्चिंती नाही, हे स्टक्सनेटने दाखवले. इराणच्या अणुकेंद्रासाठी बनवलेला हा वर्म २०१० मध्ये उघडकीस आला, आणि इराण व इंडोनेशियाखालोखाल सर्वाधिक लागण भारतात झालेली आढळली. शॉर्टकटची खूण पडद्यावर नुसती दिसली तरी पुरे, फाइल उघडावीही लागत नसे. त्या छिद्राचा पॅच २ ऑगस्ट २०१० ला आला. एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ चा आधार १३ जुलैला संपला होता. वीस दिवसांच्या फरकाने सर्व्हिस पॅक २ वाले कायमचे वंचित राहिले, आणि आजही आभासी यंत्रात टाकल्या जाणाऱ्या कित्येक सीड्या सर्व्हिस पॅक २ च्याच असतात. व्हर्च्युअल मशीनमध्ये पेन ड्राइव्ह थेट आत देण्याची सोय असते, ती वापरू नये. पेन ड्राइव्ह होस्टला लावावा, होस्टच्या ताज्या अँटिव्हायरसने तपासावा, आणि लागेल तेवढीच फाइल आत द्यावी. एक बारीक गोष्ट इथे ध्यानात ठेवण्यासारखी आहे. यूएसबीचा डोंगल आत मिळावा म्हणून व्हर्च्युअलबॉक्समध्ये फिल्टर लावतात. तो फिल्टर कोरा ठेवला तर डोंगलच नव्हे, संगणकाला लावलेली कोणतीही यूएसबी वस्तू आत खेचली जाते. डोंगलपुरताच फिल्टर लावायला अर्धे मिनिट जास्त लागते.

डोंगलवरूनच त्या वाटेकडे वळावे लागते जिच्याबद्दल कोणी मोकळेपणाने बोलत नाही. प्रिंटर पोर्टचा जुना डोंगल व्हर्च्युअल मशीनमध्ये सहसा चालत नाही. नव्या संगणकाला तो पोर्टच नसतो. मग त्याला चकवणारा ‘क्रॅक’ शोधला जातो. मूळ एक्सपीची सीडी हरवलेली असते, म्हणून ‘ॲक्टिव्हेट केलेली’ आयएसओ उतरवली जाते, किंवा सगळे आधीच भरलेले तयार व्हर्च्युअल मशीन कोणाच्या तरी ड्राइव्हवरून. त्यात पेजमेकर आहे, फाँट आहेत, सगळे चालते. ते कोणी बांधले, कोठे बांधले, आत आणखी काय घातले, हे तपासायचा मार्ग दुकानदाराकडे नसतो. क्रॅक चालवताना अँटिव्हायरस ओरडतो, तेव्हा ‘क्रॅक आहे म्हणून ओरडतो’ असे म्हणून तो बंद करायचा, हा तर शिरस्ताच. वर मांडलेल्या वाटांपैकी ही एकमेव अशी आहे, की तिच्यात मालवेअरला काहीच करावे लागत नाही. पाहुणा मानाने आत बसवला जातो. परवान्याचा कायदेशीर प्रश्न वेगळा आहे आणि तो लहान नाही, पण केवळ सुरक्षेच्या दृष्टीने पाहिले तरी ज्याने परवाना विकत घेतला आहे त्याने आधी कंपनीकडे डोंगल बदलून मिळतो का, नवी आवृत्ती जुन्या फाइली वाचते का, हे विचारावे. विचारणे फुकट असते.

व्हर्च्युअल मशीन खरोखरच फोडून बाहेर येणारे मालवेअर असते का? असू शकते. मे २०१५ मध्ये ‘व्हेनम’ नावाने गाजलेले छिद्र व्हर्च्युअल मशीनच्या फ्लॉपी ड्राइव्हच्या नकलेत होते. फ्लॉपी कोण वापरतो? कोणीच नाही, पण २००४ पासून तो कोड तसाच पडून होता, क्यूईएमयू या व्हर्च्युअल मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि त्याच्या आधाराने व्हर्च्युअलबॉक्ससह इतर काहींत. मला या प्रसंगात खरा रस वाटतो तो एवढ्यासाठी, की जुन्या विंडोजला आपले वाटावे म्हणून नव्या सॉफ्टवेअरला जुन्या वस्तूंचे सोंग घ्यावे लागते: जुने नेटवर्क कार्ड, जुना आयडीई कंट्रोलर, जुनी फ्लॉपी. हे सोंग वठवणारा कोडही जुना होत जातो. त्या छिद्रातून जाण्यासाठी गेस्टमध्ये प्रशासकाचे अधिकार लागत, ही अट एक्सपीवर आपोआप पुरी होते, कारण तिथे जो तो प्रशासकच असतो. २०१७ च्या पोन-टू-ओन स्पर्धेत व्हीएमवेअरची चौकट ओलांडून दाखवली गेली, २०१८ मध्ये व्हर्च्युअलबॉक्सच्या आभासी नेटवर्क कार्डातले छिद्र एका संशोधकाने चव्हाट्यावर आणले. तरीही प्रमाण राखले पाहिजे. असली हत्यारे महाग असतात आणि ती लग्नपत्रिकेच्या दुकानावर कोणी खर्च करत नाही. या भीतीपोटी व्हर्च्युअल मशीन टाकून जुनाच संगणक नेटला जोडून वापरणे हा उलटा उपाय होईल. व्हर्च्युअलबॉक्स किंवा व्हीएमवेअर ताजे ठेवावे, आभासी फ्लॉपी आणि न लागणारी साधने काढून टाकावीत, आणि या विषयावर याहून अधिक झोप घालवू नये.

‘बिघडले तर स्नॅपशॉटवर परत जाऊ’ हा युक्तिवाद व्हर्च्युअल मशीनचा सर्वांत आकर्षक गुण सांगतो. परत जाता येते, खरेच. पण स्नॅपशॉट फक्त गेस्टचा असतो. शेअर्ड फोल्डरमधली फाइल बिघडली तर तो तिला हात लावत नाही, आणि कामाच्या फाइली नेमक्या तिथेच असतात. लागण झाल्यानंतर घेतलेला स्नॅपशॉट तर लागण जपून ठेवतो. शिवाय लागण झाली हे कळायला हवे. आजचे अँटिव्हायरस एक्सपीवर बहुतेक टाकताच येत नाहीत. क्रोमने एप्रिल २०१६ मध्येच एक्सपी सोडले. आतून नीट नजर ठेवणारे कोणी नसते, म्हणून तपासणी चढउताराच्या जागीच, होस्टवर करावी लागते. पुस्तिकेत सुचवलेली मांडणी यातूनच निघाली आहे. दोन फोल्डर असावेत. आत जाणाऱ्या फाइलींचा फोल्डर केवळ वाचनासाठी, ज्यात एक्सपीला काही लिहिता येणार नाही. बाहेर येणाऱ्यांचा वेगळा, त्यात शक्यतो फक्त पीडीएफ, आणि तोही काम होताच रिकामा केलेला. छपाई एक्सपीतून करू नये, होस्टवरून पीडीएफ छापावी. त्यामुळे प्रिंटरसाठी नेटवर्क जोडण्याची गरजच संपते. नेटवर्कचे कार्ड गेस्टच्या सेटिंगमधून काढून टाकावे, आतून डिसेबल करण्यावर भागवू नये. क्लिपबोर्ड बंद ठेवावा. बँकेचा पासवर्ड होस्टवर कॉपी केला की सामाईक क्लिपबोर्डमुळे तो एक्सपीतही पोहोचतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. मूळ फाइलींची एक प्रत संगणकापासून सुटी केलेल्या डिस्कवर असावी. हे जाचक वाटेल. पहिला आठवडा वाटतेच.

राहिला तो मोठा प्रश्न: हे सगळे करण्यापेक्षा युनिकोडकडे का जाऊ नये? जावेच. विंडोज २००० पासून देवनागरी युनिकोडची सोय आहे आणि नवे काम जुन्या फाँटांत करत राहण्याला आता फारसे समर्थन उरलेले नाही. पण जुने काम आपोआप तिकडे जात नाही. जुन्या फाँटात पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप केलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर साठवली जाते. रफाराची जागा बदलते. एका फाँटातला संकेत दुसऱ्या फाँटात वेगळ्याच जोडाक्षराचा असतो. रूपांतर करणारी साधने आहेत, पण त्यांच्या हातून निघालेला मजकूर डोळ्यांखालून घालावाच लागतो, आणि चारशे पानांच्या गाव-इतिहासाचे किंवा संस्थेच्या तीस वर्षांच्या अहवालांचे मुद्रितशोधन पुन्हा करायला माणूस लागतो, पैसा लागतो. तोवर जुने विंडोज लागणारच. फरक एवढाच करायला हवा, की ते कारखाना न राहता वाचनालय व्हावे. जुनी फाइल उघडायची, पीडीएफ काढायची, मजकूर बाहेर न्यायचा आणि बंद करायचे. नवी पत्रिका तिथे जुळवायची नाही. जितके दिवस ते रोजच्या कामाचे ठिकाण राहील तितके दिवस रोज एखादी नवी सोय हवीशी वाटेल, आणि प्रत्येक सोय ही एक उघडी वाट असेल.

जिथे लोकांचा पैसा आहे तिथे मात्र हेही चालणार नाही. २१ जून २०१८ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने एक्सपीवर चालणारी एटीएम टप्प्याटप्प्याने बदलून जून २०१९ पर्यंत आधार असलेल्या प्रणालीवर आणण्यास बँकांना बजावले. जुने कोठे तरी बंद कप्प्यात चालवत राहा, अशी सवलत दिली नाही. पतसंस्थेने किंवा सोसायटीने जुने फॉक्सप्रोचे हिशेब पाहण्यापुरते व्हर्च्युअल मशीन ठेवले तर समजण्यासारखे आहे. त्यात चालू खाती लिहिणे समजण्यासारखे नाही. लागण झालीच, तर ती दडवण्याची आपल्याकडची सवयही आता नियमाला धरून नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत संस्थांना आणि कंपन्यांना अशी घटना सहा तासांत कळवायला सांगितले आहे. सफाईची मोफत साधने त्याच यंत्रणेच्या सायबर स्वच्छता केंद्राकडे २०१७ पासून मिळतात.

पुस्तिकेची रचना पाहून वाचकाला एक गोष्ट खटकेल. व्हर्च्युअल मशीन कसे बनवायचे हे दुसऱ्या प्रकरणात आहे. पहिले प्रकरण सबंध होस्टवर खर्च झाले आहे. त्याचे कारण तारखेत आहे. या लेखात ‘नवा संगणक’ म्हणून ज्याचा उल्लेख येत राहिला, तो गावोगावच्या दुकानांत अजून बहुधा विंडोज १० वर चालतो, आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरासाठी नोंदणी करून मिळणारे वाढीव सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंतचे. ज्यांच्या संगणकाला विंडोज ११ पेलत नाही, त्यांच्यासाठी त्याच यंत्रावर लिनक्स टाकून त्यात व्हर्च्युअलबॉक्स चालवण्याची कृतीही त्याच प्रकरणात दिली आहे. एक्सपीच्या खिडकीत पेजमेकर तिथेही तसेच उघडते.